बारा वर्षांचा मुलगा आणि शिडाची फळी

आजचा विषय विंडसर्फिंग. तत्त्वज्ञानाच्या मास्तरचा शिडाशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. पण "तरुण पोरं आमच्याकडे फिरकत नाहीत" ही तक्रार नाटकवाले करतात, ग्रंथालयवाले करतात, तशी विंडसर्फिंगवालेही करतात. या खेळाचा इतिहास लहान आहे, म्हणून ही तक्रार कुठून निघाली ते त्यात नीट दिसतं.

एका खटल्यापासून सुरुवात करू. फळीवर उभं राहून हातात शीड धरायचं आणि डोलकाठीच्या बुडाशी सगळीकडे वळणारा सांधा ठेवायचा, या रचनेसाठी हॉयल श्वाइत्झर आणि जिम ड्रेक यांनी १९६८ साली अमेरिकेत पेटंटचा अर्ज केला. १९७० मध्ये ते मिळालं. इंग्लंडमध्ये मात्र वाद झाला आणि तिथल्या अपील न्यायालयाने त्यांचं ब्रिटिश पेटंट अवैध ठरवलं. कारणांपैकी एक ऐका. १९५८ साली हेलिंग बेटावर पीटर चिल्व्हर्स नावाचा बारा वर्षांचा मुलगा घरी केलेली तशीच फळी लोकांदेखत पाण्यात चालवत होता!

म्हणजे बघा, या खेळाच्या उगमापाशीच एक पोरगा उभा आहे. पुढे १९७६ मध्ये बहामाजला जागतिक स्पर्धा झाली. ती जिंकणारा रॉबी नेश तेरा वर्षांचा होता. तेव्हा शर्यतीत सगळ्यांकडे एकाच घडणीची, बारा फुटी फळी असे. आपल्या गल्लीतल्या क्रिकेटसारखंच म्हणा ना: सामान थोडं, नियम थोडे, आणि शेजारचा पोरगा खेळतोय म्हणून मीही.

मग बिनसलं कुठे? ऐंशीच्या दशकात हवाईच्या लाटांवर छोट्या फळ्यांचं युग आलं. त्यातल्या काही इतक्या छोट्या की वेग नसेल तर माणसाला घेऊन बुडायच्या. त्यांना जोराचा वारा हवा, वाऱ्यागणिक वेगळं शीड हवं, हे सगळं वाहून न्यायला गाडी हवी. कसबी खेळाडूंची चंगळ झाली. नवख्याचा पहिला दिवस मात्र फार अवघड झाला.

तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ साली खेळाची व्याख्या मांडली. तिचा आशय असा, की खेळ म्हणजे अनावश्यक अडथळे स्वखुशीने पत्करणं. आता वारा, तोल, लाट हे अडथळे आपण हौसेने घेतो. पण किंमत, गाडी, सामान ठेवायची जागा? हे कुणी हौसेने घेत नाही. विंडसर्फिंगने ही दुसऱ्या जातीची ओझी वाढवली, आणि आपण दोष देतो पोरांच्या मोबाइलला.

उलट उदाहरणही आहे. १९९६ मध्ये ली लाय-शान हिने हाँगकाँगला त्याचं पहिलंवहिलं ऑलिम्पिक पदक मिळवून दिलं, तेही सुवर्ण, आणि तेही विंडसर्फिंगमध्ये. ती च्युंग चाऊ या छोट्या बेटावरची. तिच्या नात्यातल्या एकाचं तिथल्या किनाऱ्यावरच विंडसर्फिंग केंद्र होतं. फळी, शीड आणि शिकवणारं माणूस, तिन्ही घराजवळ.

मे २०१२ मध्ये तर जागतिक संघटनेने रिओ ऑलिम्पिकसाठी विंडसर्फिंग काढून पतंगाने ओढल्या जाणाऱ्या काइटबोर्डिंगला जागा दिली होती. नोव्हेंबरमध्ये निर्णय फिरवला, म्हणून खेळ वाचला. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नवी फळी आली, पाण्याखालच्या पंखांवर उचलली जाणारी. दिसायला झकास! तिने पोरांची नजर जाईलही. पण नजर जाणं वेगळं आणि पाण्यात उतरणं वेगळं.

म्हणून मला मोठ्या स्पर्धेपेक्षा टेक्नो २९३ महत्त्वाची वाटते. मुलांच्या शर्यतींसाठी एकाच घडणीची, २९३ सेंटिमीटर लांबीची फळी. पैसेवाल्या बापाच्या पोराला तिच्यावर वेगळी फळी आणता येत नाही. याच्या जोडीला प्रत्येक क्लबने किनाऱ्यावर चार जुन्या रुंद फळ्या कुणालाही वापरता येतील अशा ठेवाव्यात, आणि शांत वाऱ्याच्या दिवशी दोन-चार पोरांना एकत्र पाण्यात सोडावं. एकट्याला नको, एकटं पोर दुसऱ्या दिवशी येत नाही.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.