हार्वर्डमधील धर्मानंद कोसंबी : श्रम कोणाचे, नाव कोणाचे?

१/५ गोव्यातील साखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. बुद्धाच्या ओढीने त्यांनी घर सोडले आणि श्रीलंका व ब्रह्मदेशात पालीचे अध्ययन केले.

२/५ महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करावे, यासाठी सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा ५० रुपयांची वृत्ती दिली.

३/५ १९१० मध्ये प्रा. जेम्स वुड्स यांच्या निमंत्रणावरून ते हार्वर्डला गेले. हेन्री क्लार्क वॉरन १८९९ मध्ये निवर्तल्याने ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाचे संपादन अपुरे राहिले होते. ते पूर्ण करायचे होते.

४/५ मात्र संपादकाच्या श्रेयावरून प्रा. चार्ल्स लॅनमन यांच्याशी मतभेद झाले. १९१२ मध्ये कोसंबी परतले व फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. तरीही पुढे ते तीनदा हार्वर्डला गेले.

५/५ हार्वर्डची आवृत्ती १९५० मध्ये निघाली, कोसंबींच्या निधनानंतर ३ वर्षांनी. तीवर संपादक वॉरन, तर कोसंबी केवळ संशोधक-संस्कारक! त्यांचे स्वतंत्र देवनागरी संपादन मात्र १९४० मध्येच मुंबईत प्रसिद्ध झाले होते. परदेशी संशोधनवृत्ती स्वीकारताना मानधनाइतकीच श्रेयाचीही अट वाचावी, ती यासाठी.