घंटा बैलाच्या गळ्यात, कान माणसाचा

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातली पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. या समाजाचा इतिहास बैलाच्या पाठीवरून चालत आला. मीठ नि धान्याच्या गोण्या लादलेले शेकडो बैल, मागे धुळीचा लोट, आणि सगळ्यांच्या पुढे एकच बैल रिकामा. जातिजमातींची माहिती टिपणाऱ्या रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली त्याची नोंद केली आहे. हा ‘हटाडिया’ देवाला वाहिलेला, म्हणून पाठीवर ओझं नाही. अंगावर लाल रेशीम, भोवती किणकिणणाऱ्या घंटा. तो थकून बसेल तिथं तांड्याचा मुक्काम. घंटा होत्या त्या देवाच्या बैलाचा साज आणि दृष्ट लागू नये म्हणून, एवढ्यावर बहुतेक जण थांबतात. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. साजासाठी झूल पुरली असती, दृष्टीसाठी काळा दोरा. नाद करणारीच वस्तू गळ्यात का आली, याचं उत्तर माझ्या मते कानाच्या फार जुन्या इतिहासात आहे.

पाण्यातून जमिनीवर आलेल्या पहिल्या प्राण्यांना कानाचा पडदा नव्हता. हवेतला बारीक आवाज त्यांच्यापर्यंत जेमतेम पोचत असेल. पडदा आला तो कोट्यवधी वर्षांनी, आणि तोही बेडूक, सरडे, सस्तन अशा वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे. सस्तनांच्या कानातली हातोडी आणि ऐरण ही हाडं तर मुळात जबड्याची. दोन कान मिळाले की हिशेब करता येतो: उजवीकडचा आवाज उजव्या कानात आधी पोचतो आणि थोडा मोठा ऐकू येतो. माणसाच्या डोक्यापुरता हा वेळेचा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, तरी समोरच्या बाजूला आपण दिशा एका अंशापर्यंत ओळखतो. गव्हाणी घुबडाचा एक कान दुसऱ्यापेक्षा वर असतो, म्हणून त्याला गडद अंधारातही उंदराची दिशा आणि उंची दोन्ही कळतात.

मग मोठ्या, हव्या तिकडे वळणाऱ्या कानांची गाय यात माणसाच्या पुढेच असणार, असं कुणीही म्हणेल. प्राण्यांच्या श्रवणाचा अभ्यास करणाऱ्या हेफनर दांपत्याने अमेरिकेत मोजून पाहिलं, तर १९९२ च्या त्यांच्या अभ्यासात गुरांची चूक सुमारे तीस अंशांची निघाली, शेळीची अठराच्या आसपास. त्यांचं स्पष्टीकरण मला पटतं. दिशा ओळखायची ती नजर तिकडे वळवायला. माणसाची तीक्ष्ण नजर एका ठिपक्यापुरती, म्हणून कानाने नेमकं बोट दाखवावं लागतं. गाईला जवळपास सारं क्षितिज एकदम दिसतं, तिला ‘तिकडे कुठंतरी’ एवढं पुरतं. यावर कुणी विचारेल, वासराच्या हाकेला गाय धावते ती कशी? आवाज कुणाचा हे ओळखणं वेगळं, तो नेमका कुठून आला हे ठरवणं वेगळं. उरलेलं काम डोळे आणि नाक करतात.

तेव्हा घंटा बैलाची असली तरी ती ऐकायची माणसाने. आणि तिचा नादही कानाच्या सोयीचा. बासरीचा लांबवलेला सूर कुठून येतो ते चटकन कळत नाही; पितळेच्या घंटेचा ठण्ण, लाकडी घंटेचा खट् एकाएकी सुरू होतो आणि त्यात उंच-खालच्या लहरी मिसळलेल्या असतात, म्हणून झुडपाआडचं जनावरही कानाला सापडतं. हे कुणी कागदावर मांडलं नव्हतं. हरवलेलं ढोर शोधताना जी घंटा उपयोगी पडली ती टिकली, एवढंच. तांड्याच्या शेपटाला, धुळीत काही दिसत नसताना, पुढची वाट तीच सांगत असणार. १८६७ साली आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली आणि बैलांवरची वाहतूक आटत गेली. घंटा मात्र पोळ्याच्या बैलाच्या गळ्यात राहिली. तिथं ती खरोखर साज आहे, कारण त्या दिवशी बैल शोधायचा नसतो. तो दारातच उभा असतो.