शिकार आणि रक्षण : ग्वाल्हेरच्या रानाची साक्ष

शिवपुरीच्या माधव राष्ट्रीय उद्यानात टेकडीवर एक लहानसा वाडा उभा आहे. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहा शिकारीस यावयाचे म्हणून शिंदे सरकारने तो बांधविला. परंतु बादशहांस वाटेतच वाघ गवसला आणि वाड्यात एक रात्रही मुक्काम घडला नाही, असे तिकडे सांगतात. ज्या रानात वाघ मारण्यासाठी हा खटाटोप झाला, तेच रान मार्च २०२५ मध्ये व्याघ्रप्रकल्प म्हणून घोषित झाले.

यावरून शिकारीचे समर्थक म्हणतील की, संस्थानिकांनी शिकारीसाठी रान राखले नसते तर आज व्याघ्रप्रकल्प करावयास रान उरले असते काय? हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. जुनागढच्या नबाबाने गीरच्या सिंहांस अभय दिले नसते, तर २०२५ च्या गणनेत ८९१ सिंह मोजावयास मिळाले नसते. स्वतः लॉर्ड कर्झन यांनी १९०० साली तेथे सिंह मारण्याचे नाकारले. याच कर्झनसाहेबांच्या काळात महाराज माधवराव शिंदे यांच्या मनात ग्वाल्हेरच्या रानात सिंह वसविण्याचे आले. आफ्रिकेतून सिंह आणून ते श्योपूरकडील जंगलात सोडले गेले. पण त्यांनी गुरांवर व माणसांवर झडप घालण्यास आरंभ केला, आणि अखेर त्यांच्यावरच बंदूक चालवावी लागली.

माझ्या व्यवसायाची खोड म्हणा, परंतु कोणत्याही रानाविषयी बोलताना मला प्रथम हक्क कोणाचा, हे विचारावेसे वाटते. संस्थानी शिकारखान्यात प्राणी राजाचा, आणि नुकसान मात्र रयतेचे. कित्येक संस्थानांत पिकात डुकरे शिरली तरी कुणब्याने त्यांस हात लावावयाचा नाही, अशी स्थिती होती. म्हणून राजाचा धाक सरताच त्या रानाचे रक्षण करावे असे कोणास वाटेना. स्वातंत्र्यानंतर परदेशी पाहुण्यांस वाघ मिळवून देणाऱ्या शिकार कंपन्या निघाल्या, जीपगाड्या व झोतदिवे आले. १९७० साली वाघाच्या शिकारीस बंदी झाली आणि १९७२ च्या गणनेत देशात जेमतेम १८२७ वाघ भरले. चित्त्याला तर तेवढीही मुदत मिळाली नाही. १९४७ साली कोरियाच्या महाराजांनी मारलेले तीन चित्ते हे भारतातील अखेरचे समजले जातात.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला तेव्हाही शिकार पुरती बंद झाली नव्हती, हे पुष्कळांस ठाऊक नसते. पहिल्या परिशिष्टातील प्राण्यांस हात लावता येत नसे, पण पुढील परिशिष्टांतील कित्येकांच्या शिकारीस परवाना मिळे. ती वाट १९९१ च्या दुरुस्तीने बंद केली.

आफ्रिकेने निराळे मार्ग चोखाळले. केनियाने १९७७ साली शिकार बंद केली, तरी तेथील वन्यप्राणी घटतच गेले. बंदीने गुराख्याचे पोट भरत नाही आणि शेतीचा रेटाही थांबत नाही. नामिबियाने १९९६ च्या कायद्याने गावसमित्यांना वन्यप्राण्यांवर हक्क दिला. परदेशी शिकारी जे शुल्क भरतो त्यातील वाटा समितीकडे जातो आणि मांस गावात वाटले जाते. अशा समित्या आज तेथे ८० हून अधिक आहेत. याला मी संस्थानी शिकारीचा नवा अवतार म्हणणार नाही. येथे हक्क गावाचा आहे, राजाचा नव्हे. तथापि सर्वत्र असेच घडते असेही नाही. २०१५ साली झिंबाब्वेत, ह्वांगे उद्यानाच्या हद्दीबाहेर, संशोधकांनी गळपट्टा बांधलेला सिसिल नावाचा सिंह एका अमेरिकन शिकाऱ्याने मारला. जगभर झालेला तो गदारोळ वाचकांस स्मरत असेल. भिंतीवर टांगण्यासाठी ज्यास मुंडके हवे, तो शिकारी कळपातला रोगट प्राणी निवडीत नाही; त्यास आयाळदार नरच हवा असतो. आणि पैसा गावापर्यंत पोहोचतो की वाटेतच मुरतो, हे तपासण्याची यंत्रणा सर्वच देशांत नसते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१३ रोजी मनुष्याच्या सोयीपेक्षा प्राण्याचे स्वतःचे हित प्रमाण मानून गीरचे काही सिंह ग्वाल्हेरजवळच्या कुनो येथे सहा महिन्यांत नेण्याचा आदेश दिला, व चित्ते आणण्याचा बेत अमान्य केला. सिंह आजतागायत आलेले नाहीत. न्यायालयाने पुढे २०२० मध्ये चित्त्यांस परवानगी दिली, आणि १७ सप्टेंबर २०२२ रोजी आठ चित्ते कुनोत सोडण्यात आले. ते आले नामिबियातून, जेथे शुल्क भरून शिकार करता येते.

गोमंतकीय वाचकांस मात्र कुनो दूर वाटेल. वाघोबाची देवळे बांधणाऱ्या आपल्या मुलखात, म्हादईच्या अभयारण्यात, जानेवारी २०२० मध्ये एक वाघीण व तिचे तीन बछडे विषबाधेने मेलेले आढळले. तेथे बंदूक नव्हती, परवाना नव्हता, भिंतीवर टांगावयाचे मुंडके नव्हते. गुरे मारली गेल्याची तक्रार मात्र होती.