आपल्या घरातील छायाचित्रे : इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

दलित समाजाचा इतिहास कोणत्या साधनांवरून लिहायचा, हा प्रश्न चर्चासत्रांतून वारंवार उपस्थित होतो. बखरी आमच्या नाहीत. कुळकर्ण्याच्या दप्तरात आम्ही असलोच तर बहुधा वतनाच्या कामाचे हात म्हणून आहोत. आत्मकथने आली, चळवळीतील पत्रके आणि वृत्तपत्रे आली. त्यांचा साधने म्हणून विचार झाला आणि तो योग्यच झाला. परंतु भिंतीवर खिळ्याला टांगलेली चौकट किंवा पत्र्याच्या पेटीत लुगड्याच्या घडीत जपलेला लग्नाचा फोटो, याकडे साधन म्हणून पाहणारे फार थोडे. मी इतिहासाचा अध्यापक नाही. १९७४ सालापासून मी पोटासाठी फोटो काढीत आलो. बारसे, लग्न, पदवी, नोकरीवर रुजू होण्याचा दिवस, मयत, असे माणसाच्या आयुष्यातले सगळे टप्पे मी कॅमेऱ्याच्या मागून पाहिले. त्या कामातून जे दिसले आणि पुढे पुस्तकांतून जे पडताळून पाहिले, ते येथे मांडतो.

फोटोची कला १८३९ साली युरोपात जाहीर झाली आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापनही झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातील नावाजलेले छायाचित्रकार. म्हणजे हे यंत्र आपल्या भूमीत लवकर आले. पण ते कष्टकऱ्यांकडे वळले ते कोणत्या हेतूने? मुंबईतील विल्यम जॉन्सन याने १८६३ आणि १८६६ साली मुंबईतील जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांतील अनेक चित्रे चक्क जोडकामाची आहेत. माणसांचे फोटो एका जागी काढायचे, त्यांच्या आकृत्या कातरायच्या आणि दुसऱ्याच देखाव्यावर चिकटवायच्या! १८५७ च्या उठावानंतर सरकारला आपली प्रजा नीट ओळखून घेण्याची निकड वाटू लागली. त्यातून १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड निघाले. साडेचारशेहून अधिक छायाचित्रे त्यांत आहेत. चित्राबरोबर जात आणि त्या जातीच्या स्वभावाविषयी साहेबाचा शेरा. एखाद्या राजाचे, सरदाराचे नाव येते. खालच्या माणसाला बहुधा नाव नाही. तो आपल्या जातीचा नमुना म्हणून उभा आहे, दगडांच्या संग्रहात दगड ठेवावा तसा. पुढे रिस्लेने तर नाकाची मापे घेऊन जातींची उतरंड लावण्याचा उद्योग केला.

काढला गेलेला फोटो आणि काढून घेतलेला फोटो यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. पहिल्यात माणसाला उभे केले जाते. दुसऱ्यात तो आपल्या पायांनी येतो, पदरचे पैसे मोजतो, कोणते कपडे घालायचे ते ठरवतो आणि शेजारी कोणाला बसवायचे तेही ठरवतो. गावात ज्याला पाटलाच्या ओट्यावर बसता येत नव्हते, तो तालुक्याच्या स्टुडिओत कोरीव खुर्चीवर बसला. ती खुर्ची भाड्याची होती, मागचा महाल पडद्यावर रंगवलेला होता, मनगटावरचे घड्याळही कधी कधी स्टुडिओचेच असे. पांढरपेशे याला हसतात. मला ते हसू येत नाही. त्या बसण्यात एक मागणी होती.

ही मागणी प्रथम पलटणीतल्या लोकांनी केली असावी, असे माझे मत आहे. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ साली मोडली गेली. पुढे १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंटची पहिली तुकडी उभी राहिली. जुन्या घरांतून मला जे सर्वांत जुने फोटो पाहायला मिळाले, त्यांत गणवेशातला शिपाई पुष्कळदा आहे. आघाडीवर जाण्यापूर्वी फोटो काढायचा आणि एक प्रत घरी ठेवायची. माणूस परत आला नाही तर एवढेच उरणार.

दुसरे उदाहरण स्त्रियांचे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे भाषण केले आणि जातीची खूण पटेल अशी लुगडे नेसण्याची पद्धत व अंगभर घालायचे ते जड दागिने सोडून द्या, असे सांगितले. भाषण छापलेले आहे, ते सर्वांना ठाऊक आहे. पण ते घराघरात कधी पोचले, कोणत्या सुनेने ऐकले आणि कोणत्या सासूने ऐकले नाही, हे छापील भाषणात कसे सापडेल? ते फोटोत सापडते. एकाच घरातल्या दोन लग्नांचे फोटो शेजारी ठेवा. एकीत लुगडे पोटरीपर्यंत, गळ्यात कथलाची माळ. दुसरीत लुगडे घोट्यापर्यंत उतरलेले, गळा मोकळा. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर तर लग्नाच्या फोटोचे रूपच पालटले. पांढरी साडी आली, मुंडावळ्या गेल्या, आणि वधूवरांच्या मागे टेबलावर बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरी आल्या. फोटोग्राफरने त्या तसबिरी कापू नयेत, हे वराचा बाप मला हमखास बजावून सांगे. लग्न कोणत्या विधीने झाले याचा तो पुरावाच असे.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या कुटुंबाचा एक फोटो आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. फेब्रुवारी १९३४, राजगृह. यशवंत, बाबासाहेब, रमाबाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद आणि खाली त्यांचा कुत्रा. २७ मे १९३५ रोजी रमाबाई गेल्या; म्हणजे हा फोटो त्यांच्या शेवटच्या सव्वा वर्षातला. आज लाखो घरांतून रमाईचा जो चेहरा पूजला जातो, तो अशा मोजक्याच फोटोंच्या आधाराने. मला या फोटोचे अप्रूप आणखी एका कारणाने वाटते. त्यातील प्रत्येकाचे नाव आपल्याला सांगता येते. कुत्र्याचे नाव टॉबी होते, हेही नोंदले गेले आहे. तुमच्या आजीच्या फोटोमागे तिचे नाव आहे काय, हे कृपा करून आज घरी गेल्यावर पाहा.

आता मी मराठवाड्याकडे येतो, कारण माझे सारे काम तेथे झाले. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. राज्याच्या राजधानीत फोटोकला भरभराटीला आलेली होती. राजा दीनदयाळ यांनी हैदराबादला १८९२ साली पडद्यातल्या स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओसुद्धा काढला होता. आमच्या आज्यांना पडदा नव्हता, त्या उघड्या तोंडाने उन्हात राबत होत्या, पण त्यांच्यासाठी स्टुडिओ नव्हता. १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय निघाले आणि खेड्यापाड्यांतली पोरे नागसेनवनात आली. भारत सरकार शिष्यवृत्तीच्या अर्जाला फोटो लागे. आमच्या कितीतरी मुलांच्या आयुष्यातला पहिला फोटो हा असा अर्जावरचा आहे, आणि त्यांच्या आयांचा पहिला फोटो १९९३ नंतर, निवडणूक आयोगाने मतदार ओळखपत्र आणले तेव्हाचा.

शहागंजच्या अलीकडे एका स्टुडिओत मी डार्करूमचा पोऱ्या म्हणून लागलो. मालकांना आम्ही उस्ताद म्हणत असू. लाल दिव्याखाली ब्रोमाइड कागद धुणे आणि हायपो पुरता निघेपर्यंत पाणी बदलणे, हे माझे काम. (हायपो राहिला की फोटो पिवळा पडतो, घाईत धुतलेले स्वस्तातले फोटो म्हणूनच आज पुसट झालेले दिसतात.) फिल्म ओर्वोची किंवा उटीच्या सरकारी कारखान्याची इंदू. रिटचिंग उस्ताद स्वतः करीत. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने देवीचे वण बुजवायचे, कपाळावरचे गोंदण पुसायचे आणि गिऱ्हाइकाला जरा उजळ करायचे. "थोडा गोरा करा," ही मागणी तर रोजची. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटांना लाल रंग दिसत नसे, त्यामुळे सावळा माणूस काळाकुट्ट उमटे; ती अडचण काचेबरोबर गेली, पण मागणी राहिली. आपल्या लोकांच्या मनात रंगाविषयी जे बसवले गेले होते, ते त्या पेन्सिलीच्या टोकावर रोज दिसे. पुसलेली गोंदणे तर परत मिळणार नाहीत. कोणत्या गावची, कोणत्या पिढीची बाई, हे त्यांवरून जाणत्यांना कळले असते.

जोडीच्या फोटोत पुरुष खुर्चीवर आणि बाई शेजारी उभी, हात खुर्चीच्या पाठीवर, हा ठरलेला साचा. सत्तरीच्या अखेरीस नोकरी करणाऱ्या मुली आल्या आणि दोन खुर्च्या मागू लागल्या. मला हा बदल घोषणांपेक्षा मोलाचा वाटत आला आहे.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नामविस्तार व्हायला पुढे १४ जानेवारी १९९४ उजाडला. त्या जळिताविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे: किती घरे, किती भांडी, किती धान्य. पंचनाम्यात फोटो नसतात, कारण त्यांना किंमत नसते. पण त्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत स्टुडिओत एका नव्या प्रकारचे गिऱ्हाईक येत राहिले. हातात फोटो नाही, पावती नाही. फक्त लग्नाचे साल आणि गावाचे नाव. पैठणकडच्या एका बाईला नवऱ्याचा फोटो हवा होता. नवरा दोन वर्षांपूर्वी वारलेला, तसबीर घराबरोबर गेलेली. "दादा, तेवढं तोंड निघतंय का बघा," एवढेच ती म्हणाली.

निगेटिव्ह स्टुडिओत असतात, म्हणून हे शक्य होते. रजिस्टरात नंबर, तारीख, नाव, साइज आणि प्रती लिहिलेल्या असत. मी आणि उस्ताद रात्री बसून पाकिटे उपसत असू. तिच्या नवऱ्याचा चेहरा दुसऱ्याच्या लग्नाच्या ग्रुपमध्ये, मागच्या रांगेत सापडला. तो मोठा करून दिला. उस्तादांनी तिच्याकडून कागदाचेच पैसे घेतले. पण सगळ्यांचे सापडले नाहीत, आणि का सापडले नाहीत ते सांगण्याजोगे आहे. रजिस्टरात 'जोडी, पोस्टकार्ड, ३ प्रती' आणि पुरुषाचे आडनाव एवढीच नोंद असे. एकाच आडनावाची वीस पाकिटे. बाईचे नाव कोठेच नाही. विधवा आपल्या नावाने शोधायला आली की रजिस्टर मुके होई. सरकारी खंडात जात होती, नाव नव्हते. आमच्या रजिस्टरात आडनाव होते, बाई नव्हती.

पुढे रंगीत फिल्म आली, मग लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी, मग डिजिटल आणि शेवटी फोन. ऐंशीच्या काळातले रंगीत फोटो आज तांबूस होऊन विटले आहेत; त्याच पेटीतला नीट धुतलेला कृष्णधवल फोटो मात्र टिकला आहे. स्टुडिओ एकेक करून बंद पडले. जुन्या निगेटिव्हमध्ये चांदी असते, त्यामुळे ती किलोच्या भावाने घेणारे दारात येतात. काचेच्या प्लेटांवरचा थर खरवडून ती काच तसबिरींना बसवली गेली. एका माणसाच्या चेहऱ्यात चांदी किती निघत असेल? पण स्टुडिओच्या वारसांना दोष देऊन भागणार नाही. त्यांना ती अडगळ होती, आणि तुमच्या माझ्यापैकी कोणी मागायला गेले नव्हते.

उस्तादांच्या पश्चात त्यांच्या मुलाने मला काही खोकी दिली. त्यांतील पाकिटे घेऊन मी गेली काही वर्षे गावोगाव, वाड्यावस्त्यांवर फिरतो आणि म्हाताऱ्या माणसांना दाखवतो. मऊ पेन्सिलीने लिहितो. बॉलपेन उमटून चेहऱ्यावर वळ येतो. बाईचे नाव, माहेरचे गाव, साल, कोणता प्रसंग, आणि ओळखणाऱ्याचे नाव. पुरुषांना मागच्या रांगेतले पुरुष ओळखू येतात. पुढच्या रांगेत खाली बसलेल्या बायकांची नावे बायकाच सांगतात, तीही पुरुष उठून गेल्यावर. म्हणून आता मी दुपारी जातो. दोन खोकी झाली आहेत, पाच राहिली आहेत, आणि सांगणाऱ्या बहुतेक जणी ऐंशीच्या पुढच्या आहेत.