चूक समोरच्याची, मग भाड्याच्या गाडीचा खर्च कोण देणार?

समजा, यवतमाळ-आर्णी रस्त्यावर मागून आलेल्या ट्रकने कारला धडक दिली. कार पंधरा दिवस गॅरेजमध्ये राहिली आणि तेवढे दिवस कामासाठी भाड्याची गाडी करावी लागली. हे भाडे परत मिळते का?

स्वतःच्या विम्यातून साधारणपणे फक्त दुरुस्तीचा खर्च मिळतो. ‘दैनिक भत्ता’ हे ॲड-ऑन घेतले असेल, तरच ठरलेल्या दिवसांपुरती रक्कम मिळते.

दुसरा मार्ग समोरच्याच्या थर्ड पार्टी विम्याचा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ नुसार यवतमाळच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात ट्रकचा चालक, मालक आणि विमा कंपनी यांच्याविरुद्ध अर्ज करता येतो. दुरुस्तीचे पैसे आपल्या विम्यातून मिळाले असतील, तर तेच पुन्हा मागता येत नाहीत. भाड्याचा खर्च मात्र मागता येतो. ट्रकचा विमाच नसेल, तर जबाबदारी चालक-मालकावर येते.

किती रक्कम मंजूर होईल, हे पुराव्यावर ठरते. म्हणून हे जपून ठेवा:

• पोलिसांतील नोंद आणि घटनास्थळाचा पंचनामा
• गाडी गॅरेजमध्ये दिल्याची व परत मिळाल्याची तारीख
• भाड्याची पावती आणि पैसे दिल्याचा पुरावा

गाडी टुरिस्ट परमिटची, पिवळ्या नंबरप्लेटचीच घ्या. ओळखीच्याच्या पांढऱ्या प्लेटच्या गाडीचे बिल वादात सापडू शकते.

१ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या तरतुदीनुसार हा अर्ज अपघातापासून ६ महिन्यांत करायचा असतो. विमा कंपनीच्या उत्तराची वाट पाहत ही मुदत घालवू नका.