सरदश्तचा खोकला

२८ जून १९८७. इराण-इराक युद्ध सातव्या वर्षात होतं. त्या दुपारी इराकी विमानांनी इराणच्या सीमेवरच्या सरदश्त या कुर्दी गावावर बॉम्ब टाकले. त्यांत मस्टर्ड वायू होता. माणसं नेहमीच्या बॉम्बफेकीच्या धास्तीत होती. लसणासारख्या उग्र वासाचा अर्थ बहुतेकांना कळला नाही. हा वायू हवेपेक्षा जड, सखल जागी साचणारा. म्हणजे तळघरासारखा आसराच घातक.

शंभरहून अधिक माणसं दगावली, हजारो बाधित झाली.

मस्टर्डचा कावा असा की तो लगेच दुखत नाही. काही तासांनी डोळे सुजतात, कातडीवर फोड येतात. ते बरे होतात. फुफ्फुसं मात्र होतीलच असं नाही. बारीक श्वासनलिका हळूहळू आकसतात, आत गेलेली हवा अडकून राहते. साधा एक्स-रे कित्येकदा निर्दोष दिसतो आणि रुग्णाला जिना चढवत नाही! श्वास सोडताना काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये ही अडकलेली हवा दिसते. औषधांनी त्रास कमी होतो, इजा भरून येत नाही.

१९२५च्या जिनिव्हा करारानुसार युद्धात अशा वायूंचा वापर निषिद्धच होता, पण त्याने काही अडलं नाही. रासायनिक अस्त्रं बनवण्या-साठवण्यावरही बंदी घालणारा करार १९९७मध्ये लागू झाला. सरदश्तसाठी दहा वर्षं उशिरा.