नीरेचा कालवा आणि हातावरचीं पोटें

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया व तह हेच डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु बारामती व इंदापूर येथील हातावर पोट असलेल्या कुटुंबांनाही इतिहास आहे, व तो नीरेच्या डाव्या कालव्याच्या कांठीं सांपडतो.

इ. स. १८७६ सालीं पावसानें दगा दिला आणि दुष्काळी काम म्हणून या कालव्याची खोदाई सुरू झाली. १८७७ च्या आरंभीं सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्यावरून सरकारनें दुष्काळी कामांवरील मजुरी एक पौंड धान्याची किंमत व वर थोडेसे पैसे, एवढ्यावर आणून ठेविली. इतक्यांत पोट भरेना, तेव्हां मुंबई इलाख्यांतील हजारों मजूर कामें सोडून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडिली. ज्यांच्या हातीं कांहींच नव्हतें, त्यांनीं आपले हातच आवरून धरले.

१८८५ च्या सुमारास कालव्यास पाणी आलें. पाण्यामागें ऊस, उसामागें गुऱ्हाळें व बारामतीची गुळाची पेठ आली. १९१४ च्या सुमारास दौंड-बारामती ही अरुंद रुळांची आगगाडी धांवूं लागली, आणि पुढें इंदापूर तालुक्यांत वालचंदनगरचा साखर कारखाना निघाला. ढेपा वाहण्यास हमाल लागले, गाडीवान लागले. स्त्रिया धान्य निवडूं, भाजी विकूं व परक्याच्या घरीं धुणींभांडीं करूं लागल्या. पाण्याची पाळी ज्याच्या नांवें लागली तो बागाईतदार झाला; कालवा खणणाऱ्याचें नांव मात्र कोणाच्याही स्मरणांत राहिलें नाहीं.

नांव वहींत लागणें, हेंच पुढील सर्व खटपटीचें मर्म होय. १९६९ च्या माथाडी कायद्यानें मंडळें स्थापण्याची सोय झाली. मंडळाकडे व्यापारी व हमाल दोघांचीही नोंद होते. मजुरी मंडळामार्फत मिळते, आणि व्यापाऱ्याकडून घेतलेल्या जादा रकमेंतून भविष्यनिर्वाह निधि व भरपगारी रजा यांची तजवीज होते. २००८ सालीं महाराष्ट्रांत घरकाम करणाऱ्यांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला, व २०१४ सालीं रस्त्यावरील विक्रेत्यांस दाखला देणारा केंद्राचा कायदा आला.

परंतु वाचकहो, कायदा कागदावर असतो. नोंद माणसानेंच करावी लागते. आपल्यांतील कित्येकजणी स्वतः परक्या घरीं राबतात, व कित्येकांच्या घरीं अशी बाई राबावयास येते. तिचें नांव मंडळाच्या वहींत लागलें आहे कीं नाहीं, एवढी चौकशी प्रत्येकानें करावी. कालवा खणणाऱ्यांच्या वांट्यास आलेली विस्मृति तिच्या वांट्यास येऊं नये.